चतुःसीमा

सब-रजिस्ट्रार कचेरीच्या भिंतीला टेकून
एकतीस वर्षं खरेदीखतं लिहिली.
आधी शाईनं, मग टाइपरायटरवर,
आता पुतण्याच्या लॅपटॉपवर.
मजकूर तोच:
पूर्वेस सरकारी बोळ,
पश्चिमेस म्हंता यांची भिंत,
दक्षिणेस बोल्ली यांचा टॉवेलचा कारखाना,
उत्तरेस रस्ता.
येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण,
निधी, निक्षेप यांसह
कायम खूष खरेदी दिली असे.

राजमणी गुंडेटी पिशवीतनं ते खत काढते,
घडीवर फाटलेलं. अक्षर माझंच.
"ह्यात वरचं कुठाय?"
"वरचं म्हणजे?"
"वरचं म्हणजे वरचं की ओ."

साखर पेठेत एक्क्याऐंशी चौरस वार.
मागच्या अंगाला न्हाणी, तिला छप्पर नाही,
सासूच्या काळापासूनच नाही.
बंबाचा धूर जावा,
दिवसभर विड्या वळून
केसांत बसलेला तंबाखू उन्हात सुटावा म्हणून.
मंगळवारी डोक्यावर पाणी घेताना
वर काहीतरी घोंगावलं.
आधी वाटलं, गांधीलमाशी.
मग ते थांबलं.
"माशी बसते नाहीतर उडते," ती म्हणाली,
"अधांतरी थांबून बघत नाही."

तिनं तांब्या भिरकावला.
तो म्हंतांच्या पत्र्यावर जाऊन पडला
आणि आणायला
म्हंतांची परवानगी घ्यावी लागली.

बोल्लींच्या कारखान्याच्या जागी आता नुसता खड्डा.
खड्ड्याच्या काठावर एक पोरगा, हातात रिमोट.
"काकू, तुमचं काही नाही त्यात.
सातव्या मजल्याचा व्ह्यू घेतोय."
सातवा मजला अजून नाही,
पहिलाही नाही.
पण तिथनं काय दिसेल
ते आधी विकावं लागतं.

चौकीत म्हणाले, आत पाऊल टाकलं का त्यानं?
कशाला हात लावला का?
मग अतिक्रमण कसलं?

हे सगळं ऐकताना
मी लॅपटॉपची झाकण हळूच खाली केली.
आत फ्लॅट नंबर सातशे दोनचा करारनामा उघडा होता:
सहाशे चाळीस चौरस फूट.
आज त्या जागी एखादी घार फिरत असेल.
पण त्या हवेलाही मी
पूर्वेस, पश्चिमेस सगळं लिहिलंय,
हात कुठे अडखळला नाही.
एक्क्याऐंशी वारांच्या वेळी मात्र
जमिनीखालच्या हंड्यापर्यंत पोचलो,
जो कुणालाच कधी सापडला नाही,
आणि मान वर केली नाही.

अर्ज लिहायला घेतला.
'किती उंचीवर' इथे थांबलो.
"गच्चीवर आकाशकंदिलाचा बांबू आहे,
त्याच्या दुप्पट," ती म्हणाली.
मी तसं लिहिलं.
ती जरा गप्प बसली.
"दीडपट करा. खोटं नको."
कुठलं कलम लावायचं, मला माहीत नव्हतं.
'योग्य त्या कलमान्वये' असं घातलं,
माहीत नसलं की आम्ही तसंच घालतो.
तीस रुपये झाले. तिनं वीस दिले.

अर्जाचं काय झालं, विचारू नका.
न्हाणीवर तिनं चादर ताणलीय,
माल परत आलेली, मोर उलटा विणला गेलेली.
आता ती भरदिवसा
अंधारात अंग धुते,
केस ओलेच राहतात, म्हणाली,
आणि वास जात नाही.

परवा एक साधं खत होतं,
जुळे सोलापुरातली मोकळी जागा, दोन भाऊ, एक बहीण.
'निधी, निक्षेप' लिहून झालं
आणि बोटं पुढेच गेली:
'व वरून पडणाऱ्या उजेडासह.'
आत कारकुनानं पानं मोजली,
अंगठे घेतले, शिक्का मारला.
वाचलं कुणीच नाही.
पुतण्याला मात्र दिसलं.
"काका, हे चुकून राहिलंय का?"
राहू दे, म्हटलं.